रायस्वाइकचे काऊबॉय

नेदरलँड्समध्ये तीन-चार वर्षं काढलेल्या कुठल्याही मराठी माणसाकडे ठरावीक किस्से असतात. सायकल चोरीला गेल्याचा. एकशेतीन तापाला डॉक्टरने नुसती पॅरासिटामॉल दिल्याचा. खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, खिडकीवर एका शिक्क्यासाठी तीन खेपा घातल्याचा. अ‍ॅमस्टेलव्हीनला कुणाकडे जेवायला जमलो की हे सगळे एकेक करून होतात. मग भांडी आवरायच्या सुमाराला कुणीतरी म्हणतंच, "वृषाली, तुझ्या काऊबॉयचा एक होऊन जाऊ दे."

मी हे किस्से काही जमवायला गेले नव्हते. दर बुधवारी दुपारी दोन ते पाच मी तिथे असायचे, एवढंच. संध्याकाळी निरंजन ऑफिसातून आला की जेवताना त्याला सांगायचे, आणि माझा नवरा असा की ठसका लागेपर्यंत हसायचा. तीन वर्षांत इतके साठले की आता कुठला आधी आणि कुठला नंतर, हे मलाच नीट सांगता येत नाही. पहिला मात्र पक्का आठवतो.

*

आम्ही दोन हजार चारच्या सप्टेंबरात रायस्वाइकला आलो. निरंजनचं ऑफिस स्लोटरडाइकला. सकाळी सातची ट्रेन, संध्याकाळी सातला घरी. मी चिंचवडला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला होते. इथे मी 'डिपेंडंट' होते, कागदावर तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. डच भाषेच्या क्लासला वेटिंग लिस्ट. मी सकाळी पोळ्या करायचे, दुपारी खिडकीत बसायचे आणि समोरच्या ट्रामला आज उशीर झाला की नाही यावर लक्ष ठेवायचे. ट्रामला कधी उशीर व्हायचा नाही.

खालच्या मजल्यावर रीट राहायची. वय पासष्टच्या पुढे, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. माझ्या सासूच्या वयाची बाई, पण इथे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, त्यामुळे मीही तिला 'अगं रीट' करायला लागले. एक दिवस ती वर आली आणि तिच्या इंग्रजीत म्हणाली, की तू फार बसतेस. बुधवारी माझ्याबरोबर चल. डान्स.

मला वाटलं, लाकडी बूट घालून करतात तो असणार. बरं, तोही बघू.

बुर्टहाउस म्हणजे वस्तीचा हॉल. आपल्याकडच्या समाजमंदिरासारखा, फक्त कॉफीचं मशीन जास्त. रीटने दार उघडलं तर आत चाळीस काऊबॉय. हॅट, चौकड्यांचे शर्ट, टोकदार बूट, कमरेला वाटीएवढं बकल. नाचणाऱ्यांत एकाचंही वय साठच्या खाली वाटेना. सगळे रांगेत उभे राहून एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे, मग टाच, मग टाळी. मी पंजाबी ड्रेस आणि वर लोकरीचा कोट अशा अवतारात दारातच थांबले.

तेवढ्यात कोपऱ्यात एक आजोबा दिसले. सडपातळ, पांढरी मिशी, आणि वर्ण आपल्यासारखा. इस्त्रीच्या टेबलासारखं काहीतरी पुढ्यात घेऊन बसले होते. मी सरळ त्यांच्याकडे गेले. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "इंडिश?" मी म्हटलं, हो हो, इंडियन. त्यांचा चेहरा खुलला. "मी पण," ते म्हणाले.

मला इतका आनंद झाला की मी हिंदीतच विचारलं, "आप कहाँ से हैं?"

प्रश्न काय असणार ते त्यांनी ओळखलं असावं. मागे ड्रम तपासणं चालू होतं, त्या आवाजात ते म्हणाले, "बांडुंग."

मला ऐकू आलं, भांडुप. माझी सख्खी मावशी भांडुपला. मी कान जवळ नेऊन विचारलं, "ईस्ट की वेस्ट?"

त्यांनी जरा विचार केला. "वेस्ट," ते म्हणाले. "वेस्ट जावा."

*

पुढे समजलं ते असं. इंडोनेशियावर डचांचं राज्य होतं तेव्हा तिथे जी मिश्र घराणी झाली, त्यांना इथे 'इंडिश' म्हणतात. हे त्यातले. चौदाव्या वर्षी आईवडिलांबरोबर बोटीने इथे आले, आयुष्यभर ट्राम चालवली, रिटायर झाले. नाव रूडी.

पण क्लबात त्यांना नुसतं रूडी कुणी म्हणत नसे. आल्या आल्या प्रत्येक जण त्यांच्यापाशी जाऊन म्हणायचा, "ओम रूडी." साठीची माणसंसुद्धा. मी तीन आठवडे समजत होते की हे यांचे गुरू आहेत. आपले लोक अमेरिकेत आश्रम काढतात, तसा यांनी इथे बूट घालून काढला असेल. चौथ्या बुधवारी मीही हात जोडून म्हणाले, "ओम."

त्यांनी वाट बघितली. मग म्हणाले, "ओम, पण कोण? इथे माझ्यासारखे चार काका आहेत."

ओम म्हणजे काका. तेव्हापासून मी त्यांना रूडीकाकाच म्हणते. 'काका' म्हणजे काय ते त्यांना सांगितलं, ते त्यांना आवडलं.

*

नाचायला बहुतेक वेळ सीडी लावत, पण मधला एक तास क्लबचा स्वतःचा बँड वाजवायचा. पाच जण होते. त्यातले दोघे सांगितले तरी पुरे.

रूडीकाका स्टील गिटारवर. मला जे इस्त्रीचं टेबल वाटलं होतं, ते हेच. आडव्या फळीवर दहा तारा, खाली पायाने दाबायची पेडल्स. वाजवणारा समोर खुर्चीवर बसतो, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवतो, आणि एक सूर दुसऱ्यात विरघळत जातो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला चिंचवडच्या घराची इतकी आठवण आली की मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले. त्या आवाजाचा आणि चिंचवडचा संबंध काय, विचारू नका.

दुसरा येरून. वय पस्तीस, उंची दारात वाकावं लागेल एवढी. पहाटेपासून बेकरीत काम करायचा, त्यामुळे दुपारी मोकळा. तो गायचा आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. ती त्याला शिकवली रूडीकाकांनीच. तेव्हा दोघांची घरं एकाच जिन्यावर होती, आणि नऊ वर्षांचा येरून शाळा सुटली की यांच्याकडेच असायचा.

क्लबात वाजायचं ते कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं काऊबॉय लोकांचं संगीत. आता त्याला बँडमध्ये नवं कंट्री हवं होतं. मोठे ड्रम, रॉकसारखी करकरीत गिटार, लॅपटॉपवरून सोडलेले जादा आवाज. अमेरिकेत आता हेच चालतं, म्हणायचा. रूडीकाकांना जुनं हवं होतं. फिडल म्हणजे व्हायोलिन, स्टील, तीन मात्रांचे संथ वॉल्ट्झ, आणि गाणाऱ्याचे शब्द शेवटच्या खुर्चीपर्यंत कळले पाहिजेत. या विषयावर दोघे दर बुधवारी भांडायचे आणि भांडण झाल्यावर येरून त्यांना घरापर्यंत सोडायचा, कारण ते वाद्य उचलायला जड होतं.

मी नवी होते. कॉफीच्या वेळी मी विचारलं, की नक्की फरक काय?

रूडीकाका म्हणाले, "जुन्या गाण्यात बायको सोडून जाते, तेव्हा माणूस रडतो. नव्या गाण्यात बायको सोडून जाते, तेव्हा तो ट्रक घेतो."

येरून म्हणाला, "जुन्या गाण्यात शेवटी सगळे मरतात. आई मरते, कुत्रा मरतो, इंजिन ड्रायव्हर मरतो. वृषाली, आपले निम्मे लोक इथे फिजिओथेरपीहून थेट येतात. त्यांना कशाला हे ऐकवायचं?"

रीट कप मांडत होती. कुणी तिला विचारलं नव्हतं. "मला ट्रक चालेल," ती म्हणाली.

*

एवढ्यावर भागलं नाही. दोन हजार पाचच्या हिवाळ्यात क्लबने या प्रश्नावर रीतसर मीटिंग घेतली. मीटिंग म्हटली की डच माणसाला हुरूप येतो. अजेंडा टाइप करून आला, प्रत्येकाला बोलायला पाच मिनिटं. आमच्या सोसायटीच्या सभेत निदान आवाज तरी चढतात. इथे अडीच तास सगळे शांतपणे एकमेकांना समजून घेत होते आणि कुणीही तसूभर हलत नव्हतं. शेवटी तोडगा निघाला: कॉफीआधी जुनं, कॉफीनंतर नवं.

पहिल्या आठवड्यात छान झालं. दुसऱ्यात जुनंवाले कॉफी पिऊन घरी जायला लागले. तिसऱ्यात नवंवाले कॉफीलाच उगवायला लागले. चौथ्या आठवड्यात कॉफीच्या टेबलापाशी चाळीस जणांची झुंबड, आणि फ्लोअरवर कधीही बघावं तर बारा-पंधरा माणसं. मला डान्सपेक्षा जास्त वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून नाचलेली माणसं आता एकमेकांना फक्त साखर पुढे करताना भेटत होती.

पाचव्या आठवड्यात रीटने कुणालाही न विचारता कॉफीची वेळ हलवली. एका बुधवारी अडीचला, पुढच्या बुधवारी चारला, त्याच्या पुढच्याला सव्वातीनला. विचारलं तर मशीन जुनं झालंय म्हणायची.

आज कॉफी कधी मिळणार हे कुणालाच कळेना. त्यामुळे सगळे दोनला येऊन पाचपर्यंत थांबायला लागले.

*

रूडीकाकांचा खरा राग ड्रमवर होता. त्यातही खाली आडवा ठेवलेला, पायाने वाजवायचा तो मोठा ड्रम. तो वाजला की माझ्या तारा थरथरतात, म्हणायचे. जुन्या बँडमध्ये ड्रमवाल्याला दारातूनसुद्धा आत घेत नसत, असंही सांगायचे.

एका बुधवारी मी खुर्च्या लावायला लवकर गेले होते. रूडीकाका एक मोठी पिशवी घेऊन आले. पिशवीतून रजई निघाली. त्यांनी ड्रमची पुढची बाजू उघडली, रजई आत कोंबली, वर एक उशी घातली, आणि बाजू परत बसवली. मग माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. नोकरीत असताना मी असल्या गोष्टींचे रिपोर्ट लिहायचे. इथे मी खुर्च्या लावत राहिले.

बँड सुरू झाला. ड्रमवर पहिला ठोका पडला तो 'धूम्म' असा घुमला नाही, नुसता 'धप्' आला. येरून थांबला. सगळेच थांबले. रूडीकाका आपल्या तारांकडे एकटक बघत होते.

येरून ड्रमपाशी गेला, पायाने पुन्हा एकदा वाजवला, पुन्हा एकदा. "हाच," तो म्हणाला. "हाच तो आवाज. नव्या रेकॉर्डवर अगदी असाच कोरडा येतो. मी सहा महिने शोधतोय. काय केलंत तुम्ही?"

ड्रमवाल्याने खांदे उडवले. त्याला काहीच माहीत नव्हतं. त्यानंतर तो ड्रम तसाच राहिला आणि बँडचा आवाज कधी नव्हे इतका मॉडर्न झाला.

जानेवारीत थंडी पडली तेव्हा मला हळूच म्हणाले, "चांगली उबदार होती गं ती रजई."

*

मधे एक किस्सा आमच्या मराठी मंडळाचाही होऊन गेला. अ‍ॅमस्टेलव्हीनला दिवाळीचा कार्यक्रम होता. मंडळाच्या सेक्रेटरी अनघाताईंनी मला फोन केला, की तू डान्स करतेस असं कळलं, एक आयटम बसव. मी पाच जणींना घेऊन लाइन डान्स बसवला. गाणं रूडीकाकांनी निवडून दिलं, अर्थातच जुनं. रिहर्सल बघून अनघाताई गंभीर झाल्या. म्हणाल्या, छान आहे, पण दिवाळी आहे ना गं, आपलं काहीतरी पारंपरिक नको का? मी म्हटलं, हे पारंपरिकच आहे, फक्त आपलं नाही. त्यांनी खूप विचार करून कार्यक्रमपत्रिकेत 'लोकनृत्य' एवढंच छापलं. आमच्या आधीचा आयटम एका रिमिक्सवर होता, त्याच्या परंपरेची चौकशी कुणी केली नव्हती.

आम्ही हॅट घालून नाचलो. टाळ्या बऱ्या पडल्या. पहिल्या रांगेत लेकीकडे आलेल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावून पाठीवरून हात फिरवला.

"गोड केलंत हो," त्या म्हणाल्या. "राजस्थानी ना?"

मी तोंड उघडायच्या आत अनघाताई म्हणाल्या, "हो."

*

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात माझे सासरे मिरजेहून तीन महिन्यांसाठी आले. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. बोलणं मोजकं, मत पक्कं. तेव्हा आपल्याकडे टीव्हीवर रिमिक्स गाण्यांची लाट होती, आणि बाबा म्हणायचे, जुन्या पैठणीचे पडदे शिवल्यासारखं वाटतं. इथे आल्यावर चार दिवस त्यांनी कालवा बघितला, चार दिवस बदकं बघितली, आणि मग ते वर्तमानपत्र उघडून बसले, तेही डच. मी म्हटलं, चला बुधवारी माझ्याबरोबर.

मी ओळख करून दिली: "बाबा, हे ओम रूडी." बाबांनी लगेच हात जोडले. मी त्या बाबतीत काही बोलले नाही. पण बाबांचं लक्ष नव्हतंच. ते त्या वाद्याभोवती एक चक्कर मारून आले, खाली वाकून पेडल्स बघितली, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ही आमची हवाईयन गिटार आहे. हिला पाय कुणी लावले?"

तेव्हा मला कळलं की लग्नाआधी बाबा मिरजेतल्या एका ऑर्केस्ट्रात अकरा वर्षं हवाईयन गिटार वाजवत होते. रात्री निरंजनला विचारलं तर त्यालाही पत्ता नाही. बापाने कधी सांगितलंच नव्हतं. का सोडलं, विचारलं, तर म्हणाले, "शाळेत लागलो. राहून गेलं."

रूडीकाकांनी खुर्ची सोडली आणि पोलादी कांडी त्यांच्या हातात दिली. बाबांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले, पेडल्सना चुकून धक्का लागू नये म्हणून. पहिले दोन सूर चुकले. मग एक जुनं भावगीत लागलं. ते सहा मात्रांचं होतं, त्यामुळे दोन जोडपी उठली आणि त्यावर बिनदिक्कत वॉल्ट्झ करायला लागली. बाबांनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि कडवं पुन्हा घेतलं.

नंतर दोघे शेजारी बसले. मी मधे दुभाषी. रूडीकाकांनी सांगितलं, की बांडुंगला त्यांचे मामा संध्याकाळी व्हरांड्यात अशीच गिटार वाजवायचे, मांडीवर आडवी घेऊन. मग बोट, मग इथली थंडी, एका खोलीत सहा माणसं, शाळेत कुणी बोलत नाही. एक दिवस शेजाऱ्याच्या रेडिओवर जर्मनीतल्या अमेरिकन सैनिकांचं स्टेशन लागलं होतं. कुणीतरी काऊबॉय गात होता.

"शब्द मला कळत नव्हते," रूडीकाका म्हणाले. "पण त्याच्या मागे हा आवाज होता. मला वाटलं, मामा वाजवतायत."

मी हे बाबांना मराठीत सांगितलं. बाबा नुसते मान हलवत राहिले.

येरून मागे उभा राहून ऐकत होता. ही गोष्ट त्यालाही नवी होती. तो म्हणाला, "थांबा. म्हणजे तुमचं अस्सल जुनं कंट्री हवाईहून निघालं, बांडुंगला गेलं, मिरजेलाही जाऊन आलं. आणि इथे परका कोण, तर माझा ड्रम?"

"हो," रूडीकाका म्हणाले.

*

पुढच्या वर्षी राणीच्या वाढदिवसाला, तीस एप्रिलला, आमच्या बँडला चौकात वाजवायला मिळालं. त्या दिवशी सगळा देश नारिंगी कपडे घालून रस्त्यावर असतो. आमच्या काऊबॉयनी हॅट नारिंगी केल्या होत्या. स्टेजच्या शेजारी क्रोकेट तळायचा स्टॉल होता, आणि आमची वीज आणि त्यांच्या कढयांची वीज एकाच ठिकाणाहून आली होती.

त्याआधीचे पंधरा दिवस रूडीकाका एकच वाक्य म्हणत होते: "लॅपटॉप बंद पडला की येरूनचं गाणं बंद. खऱ्या संगीताला असलं काही लागत नाही."

दुसऱ्याच गाण्यात फट् झालं. लॅपटॉप गेला, माइक गेला, येरूनची गिटार गेली. चौकात तीनेकशे माणसं. रीट स्टेजच्या कडेला धावत गेली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली, "ओम रूडी! आता तुमचं!"

रूडीकाकांनी सावकाश बाह्या सरसावल्या. कांडी तारेवर ठेवली, छेडली. डासाएवढा आवाज आला. त्यांची स्टील गिटारही विजेवरच चालायची. चाळीस वर्षं प्लग लावत आले होते, पण तो प्लग त्यांच्या हिशोबात कधी धरलाच नव्हता.

लोक हसायला लागले. वाईट नाही, पण हसले. रूडीकाकांचे कान लाल झालेले मला खालून दिसत होते.

येरूनने पहिल्या रांगेतल्या एका पोरीच्या हातातली साधी गिटार मागून घेतली, पुढे आला, आणि मोठ्याने गायला लागला. नवं नाही. रूडीकाकांचं जुनं, रेल्वेचं, ज्यात शेवटी इंजिन ड्रायव्हर मरतो ते. सगळी कडवी त्याला तोंडपाठ होती. चौक गप्प झाला. तळणारा माणूससुद्धा झारा हातात धरून ऐकत होता.

संपल्यावर टाळ्या थांबेनात. येरूनने मागे वळून रूडीकाकांकडे बघितलं.

"तिसरं कडवं," ते म्हणाले, "चुकलास."

*

आता एक राहिला. हा मी जेवणाच्या टेबलावर सांगत नाही.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात येरूनने स्वतः एक गाणं लिहून आणलं. त्यात हायवे होता, ट्रक होता, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ड्रम. रूडीकाकांसाठी मधे आठ मात्रांची जागा ठेवली होती. त्यांनी प्रॅक्टिसला दोनदा ऐकलं, कांडी पुसली, डबीत ठेवली. "यात मला काम नाही," म्हणाले, आणि पाच वाजायच्या आत घरी गेले. त्या दिवशी वाद्यही दुसऱ्याच कुणाकडून उचलून घेतलं.

पुढच्या बुधवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोन उचलेनात. येरूनचं गाण्यात लक्ष लागेना. "मी नऊ वर्षांचा असल्यापासून त्यांनी मला दार उघडलं नाही असं झालेलं नाही," तो मला म्हणाला. तिसऱ्या बुधवारी रीटने येरूनला फर्मान सोडलं, की पुरे झाला रुसवा, जा आणि त्यांना घेऊन ये. वृषालीला बरोबर ने, तिच्यासमोर ते ओरडणार नाहीत.

घरी कुणी नव्हतं. शेजारणीने दार उघडून सांगितलं, की ते दुपारी नसतात. कॉरीला नर्सिंग होममध्ये हलवल्यापासून रोज जेवण झालं की तिकडेच जातात.

कॉरी म्हणजे त्यांची बायको. तिला विसर पडतो, हे आम्हाला माहीत होतं. वर्षभर ती क्लबात आली नव्हती, आणि विचारलं की रूडीकाका म्हणायचे, आज जरा दमली आहे. तिला हलवलं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. येरूनलासुद्धा नाही. त्याने शेजारणीकडून पत्ता घेतला. मग आम्ही ट्रामने दोन स्टॉप पुढे गेलो.

तिथे एक मोठी, उजेडाची खोली होती. आठ-दहा म्हातारी माणसं आपापल्या खुर्च्यांत. खिडकीजवळ रूडीकाका, पुढ्यात स्टील गिटार, शेजारी छोटा अ‍ॅम्प्लिफायर. समोर कॉरी. निळं स्वेटर, केस व्यवस्थित बसवलेले, मांडीवर पर्स, जणू कुठेतरी निघाली आहे.

ते त्यांचा जुना वॉल्ट्झ वाजवत होते. दर बुधवारी पहिला तोच असायचा. तरुणपणी एका डान्स हॉलमध्ये याच वॉल्ट्झवर त्यांनी कॉरीला पहिल्यांदा नाचायला विचारलं होतं, हे मला रीटने कधीतरी सांगितलं होतं. आम्ही दारात थांबलो. त्यांनी आम्हाला बघितलं, पण थांबले नाहीत. शेवटपर्यंत वाजवलं.

कॉरीने हलक्या हाताने टाळ्या वाजवल्या, पाहुण्यांसाठी वाजवतात तशा. मग पुढे झुकून म्हणाली, "फार छान वाजवता तुम्ही." तिने त्यांना 'तुम्ही' म्हटलं. डचमध्ये परक्या माणसाला म्हणतात ते.

"थँक यू, मॅडम," रूडीकाका म्हणाले.

"माझे मिस्टरही हेच वाजवतात."

"हो का?"

"चाळीस वर्षं. हेच एक." तिने आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "मला ते कधीच आवडलं नाही. पण त्यांना सांगू नका हं. वाईट वाटेल त्यांना."

रूडीकाकांनी कांडी तारांवर आडवी ठेवली आणि दोन्ही हात त्या कांडीवरच ठेवले.

"नाही सांगणार," ते म्हणाले.

कॉरीला बरं वाटलं. तिने मांडीवरची पर्स सारखी केली. "तुम्हाला नवीन काही येतं का?"

रूडीकाकांनी एकदा दाराकडे, येरूनकडे बघितलं. येरून खाली, स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"एक येतं," ते म्हणाले, आणि येरूनचं गाणं पहिल्या सुरापासून वाजवायला लागले.